मेंदूला जीए देता येतं का?

पत्र :

मॅडम, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची तीन एकर द्राक्षबाग. धाकटा भाऊ २९ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडून त्याची मांडी मोडली, रॉड टाकावा लागला. तेव्हा दुखण्यावर ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दिल्या होत्या. हाड जुळलं, पण गोळ्या सुटल्या नाहीत. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. बागेतच फीट येऊन पडला तेव्हा घरच्यांना कळलं. आता महिना झाला, सरकारी दवाखान्यातून जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे, पाकिटावर ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोन लिहिलंय. जेवतो, झोपतो, बोलतो. पण आमचे दाजी म्हणतात, एक नशा सोडवली आणि दुसरी लावली. त्यांच्या ओळखीचा एक माणूस घरी येऊन गेला. त्याचं म्हणणं, या नशेने मेंदूतलं बीडीएनएफ नावाचं वाढीचं द्रव्य संपतं, रक्त तपासलं की ते कळतं, आणि त्याचा तीन महिन्यांचा पावडर-कॅप्सूलचा कोर्स घेतला की मेंदू पुन्हा नवा होतो, मग दवाखान्याच्या गोळीची गरज नाही. तपासणी धरून २२ हजार. मोबाइलवर त्याने इंग्रजी लेख दाखवले, ते खोटे वाटले नाहीत. परवा रात्री भाऊ म्हणाला, ‘ताई, माझा मेंदू सडलाय का गं?’ मला काही बोलता आलं नाही. कोर्स घ्यावा का? आणि फळछाटणी तोंडावर आली आहे, त्याला बागेत पाठवावं का? आई नको म्हणते.
– एक ताई

उत्तर :

ताई, आधी व्यवहाराचं सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. २२ हजार देऊ नका. आणि त्याहून महत्त्वाचं, त्या माणसाच्या सांगण्यावरून जिभेखालची गोळी एक दिवसही बंद करू नका. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतील. गोळी अचानक सुटली तर जिवावर बेतू शकतं. का ते पुढे येईलच.

आता त्या लेखांचं. तुम्हाला ते खोटे वाटले नाहीत, तुमचा अंदाज बरोबर असणार. बीडीएनएफ हे काही कुणा विक्रेत्याच्या डोक्यातून निघालेलं नाव नाही. ‘ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर’ असं त्याचं लांबलचक नाव. मेंदूतल्या चेतापेशींना जगवणारं, त्यांच्या फांद्या वाढवणारं, दोन पेशींमधले सांधे घट्ट-सैल करणारं हे प्रथिन. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, ट्रॅमाडॉल या घराण्यातल्या नशेशी त्याचा संबंध आहे आणि त्यावर तीस वर्षं चांगल्या प्रयोगशाळांमध्ये काम चाललं आहे. म्हणजे माणसाने सुरुवात खऱ्यापासून केली. अशा लोकांची हीच रीत असते. पहिली दोन पावलं खऱ्या रस्त्यावर टाकायची, आणि तिसरं पाऊल थेट तुमच्या खिशात.

तुमच्या घरी बाग आहे म्हणून मला हे समजावणं सोपं जाणार आहे. जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, वेलीची वाढ करणारं संजीवक) तुम्ही वापरताच. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मणी बाजरीच्या दाण्याएवढे झाले की घड जीएच्या पाण्यात बुडवता. मणी लांबतो, फुगतो, बाजारात भाव खातो. आता मला सांगा, जीए इतकं चांगलं, तर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती चालू असते तेव्हा वेलीला जीए पाजाल का? तुमचे वडील काठी घेऊन मागे लागतील. त्या काळात जीएचा जोर वाढला की काडीवरच्या डोळ्यात (कोंबात) घड धरायच्या ऐवजी बाळी, म्हणजे आधाराचा नुसता तंतू, धरते, वेल नुसती शेंडा धावते. म्हणून तर तेव्हा उलट सीसीसी हे वाढ रोखणारं औषध मारून वाढीला लगाम घालतात. द्रव्य तेच, वेल तीच. पण कुठल्या भागात, कुठल्या वेळी, किती, यावर घड की बाळी ते ठरतं.

बीडीएनएफची गोष्ट अगदी याच वळणाची आहे. थोडी मागून सांगते.

असा वाढघटक शरीरात असतो हे पहिल्यांदा ज्या बाईंनी दाखवलं त्या इटलीतल्या रिता लेव्ही-मोंताल्चिनी. ज्यू असल्यामुळे १९३८ च्या वंशद्वेषी कायद्यांनी त्यांना विद्यापीठाबाहेर काढलं. युद्ध चालू असताना त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भाच्या चेतापेशी बघत बसल्या. पुढे अमेरिकेत त्यांनी ‘एनजीएफ’ हा पहिला वाढघटक शोधला आणि त्यासाठी १९८६ साली स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. बीडीएनएफ त्याचं धाकटं भावंड. ते १९८२ मध्ये जर्मनीत बार्ड आणि थोनेन यांच्या गटाने डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं. मेंदूत ते इतकं विरळ की शुद्ध करायला दहा लाख पटींहून जास्त गाळावं लागलं. हे मुद्दाम सांगते आहे. जे द्रव्य मेंदूत इतकं मोजून मापून ठेवलेलं आहे ते चमच्याने पाण्यात ढवळून प्यायचं, ही कल्पनाच मला जरा उर्मट वाटते.

आता नशा मेंदूत काय करते. मधल्या मेंदूत, खोलवर, ‘व्हीटीए’ नावाचा चिमूटभर भाग आहे. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि पुढच्या ‘न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्स’ या भागाकडे सोडतात. ‘हे चांगलं होतं, पुन्हा कर’ असा निरोप तो डोपामिन नेतो. भुकेल्या माणसाला भाकरी मिळाली, घामाघूम झाल्यावर ताक मिळालं, की हाच निरोप जातो. या पेशींवर एरवी शेजारच्या काही पेशी ब्रेक दाबून बसलेल्या असतात. १९९२ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या कापांवर दिसून आलं की मॉर्फिनच्या घराण्यातली औषधं डोपामिनच्या पेशींना थेट ढकलत नाहीत. ती ब्रेकवाल्याला झोपवतात. ब्रेक सुटला की गाडी उतारावरून धावते. ट्रॅमाडॉल मॉर्फिनपेक्षा सौम्य, शिवाय त्याचं निम्मं काम वेगळ्याच वाटेने चालतं, आणि त्या वाटेमुळेच जास्त डोसात फीट येते. तुमच्या भावाला आली तशी. पण नशेचा भाग याच ब्रेकचा.

गाडी रोज अशी धावली तर इंजिनाचं काय होतं? इथे मी तुमच्या भावाच्या प्रश्नावर येते, कारण त्याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात जवळजवळ शब्दशः आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने उंदरांना सतत काही दिवस मॉर्फिन दिलं आणि मग व्हीटीएतल्या डोपामिनच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. पेशी आकाराने सुमारे २५ टक्के लहान झाल्या होत्या. पण त्यांची संख्या कमी झाली नव्हती. पेशी मेल्या नव्हत्या, आक्रसल्या होत्या. मॉर्फिनचं दार अडवणारं नाल्ट्रेक्सोन बरोबर दिलं तर आक्रसल्या नाहीत. आणि त्याच जागी बारीक नळीने बीडीएनएफ सोडलं तरीही आक्रसल्या नाहीत. पुढे २०११ मध्ये हेरॉइन घेणाऱ्या माणसांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले, तिथेही या पेशी लहान दिसल्या.

तेव्हा भावाला सांगा, सडला नाही. सडणं म्हणजे पेशी मरणं. उन्हाळ्यात पाण्याच्या ताणाने पान मलूल होतं, वेल वाळत नाही, तसं हे आहे. मलूल झालेलं सगळं चार दिवसांत जसंच्या तसं होतं असं मात्र म्हणणार नाही. झोप, भूक, लहानसहान गोष्टींतला आनंद परत यायला महिने लागतात. आणि नशेची आठवण तर फार चिवट असते. पण ‘सडलाय’ हा शब्द त्याने मनातून काढावा. ज्याला आपला मेंदू सडलाय असं वाटतं त्याला दवाखान्याची गोळी घ्यायला एक कारण कमी उरतं.

तुम्ही म्हणाल, मग मॅडम, बीडीएनएफने पेशी वाचल्या असं तुम्हीच सांगताय की! बरोबर. २०१२ मध्ये तर न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या एरिक नेस्लर यांच्या गटाने (१९९६ च्या कामातही ते होते) आणखी पुढची गोष्ट दाखवली. मॉर्फिनमुळे व्हीटीएतलं बीडीएनएफ उतरतं, आणि ते उतरलं की उंदराला मॉर्फिनची गोडी जास्त लागते. म्हणजे बीडीएनएफ हा तिथे लगाम आहे आणि मॉर्फिन आपल्याच तोंडातला लगाम कुरतडतं. तुम्हाला मोबाइलवर दाखवलेला लेख बहुधा हाच, किंवा याच्यावरून लिहिलेला.

त्याने तुम्हाला २००९ चा लेख दाखवला नसणार. कॅनडात टोरांटोच्या गटाने काय केलं, ज्या उंदरांनी आयुष्यात कधी अफूजन्य औषध चाखलं नव्हतं त्यांच्या व्हीटीएत बीडीएनएफचा एकच डोस सोडला. आणि त्यांच्या मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा अशी वागायला लागली, जशी मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या उंदराची वागते. व्यसन न करताच व्यसनी मेंदू! तेच द्रव्य, तोच इवलासा भाग, आणि निष्कर्ष दुसऱ्या टोकाला. एका ठिकाणी बीडीएनएफ लगाम, दुसऱ्या ठिकाणी चाबूक.

दोन्ही प्रयोग नामांकित नियतकालिकात आलेले, दोन्ही गट जाणते. कुणी खोटं बोललं असं नाही. एकाने छोट्या उंदरांमध्ये बीडीएनएफ काढून घेतलं, दुसऱ्याने मोठ्या उंदरांमध्ये बाहेरून घातलं. प्राणी नशेला सरावलेला आहे की कोरा, यानेही त्या ब्रेकवाल्या पेशींचं वागणं पालटतं. त्यात कोकेनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे बीडीएनएफ वाढलं की ओढ वाढते. कोकेन बंद केलेल्या उंदरांमध्ये आठवड्यांमागून आठवडे तलफ चढत जाते आणि त्याबरोबर व्हीटीए, अ‍ॅक्युम्बन्स, अ‍ॅमिग्डाला या भागांत बीडीएनएफही चढतं. आणि मेंदूच्या देठात ‘लोकस सेरुलिअस’ नावाची जागा आहे. गोळी चुकली की जांभया, डोळ्या-नाकातून पाणी, अंगावर काटा, पायात गोळे, जुलाब हे जे होतं, ज्याला व्यसनमुक्ती केंद्रातली मुलं ‘टर्की’ म्हणतात, त्यात या जागेचा मोठा हात. तिथे मॉर्फिन जे बदल घडवतं त्यांना बीडीएनएफ लागतं. म्हणजे एका खोलीत तुमचा माणूस, शेजारच्या खोलीत चोराचा साथीदार.

आता तुम्हीच सांगा, कॅप्सूल गिळल्यावर ती कुठल्या खोलीत जाणार हे त्या माणसाला कोण सांगून गेलं?

खरं तर ती कुठल्याच खोलीत जाणार नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. बीडीएनएफ हे प्रथिन आहे. तोंडाने घेतलेलं प्रथिन पोटात डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून तुकडे होतं. रक्तात गेलंच तरी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी गाळणी असते ती अशी मोठी प्रथिनं सहज आत सोडत नाही. याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बीडीएनएफसारखाच चेतापेशींना जगवणारा दुसरा वाढघटक म्हणजे जीडीएनएफ. २००० साली उंदरांमध्ये दिसलं की व्हीटीएत जीडीएनएफ सोडलं तर मॉर्फिन आणि कोकेन दोन्हींचा परिणाम बोथट होतो. हेच जीडीएनएफ पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. त्यासाठी काय करावं लागलं? कवटीला भोक पाडून मेंदूत नळ्या बसवाव्या लागल्या. इतकं करूनही ठरवलेल्या मुख्य कसोटीवर ते औषध उतरलं नाही. जगातल्या उत्तम शल्यचिकित्सकांना जे नळी घालून साधलं नाही ते तासगावात डब्यात मिळतं, आणि तेही घरपोच.

डब्यात प्रत्यक्षात काय असतं? मी असे डबे पाहिले आहेत. हळद, अश्वगंधा, ब्राह्मी, माशाचं तेल, थोडी जीवनसत्त्वं. उंदरांवरच्या कुठल्यातरी प्रयोगात यांपैकी एखाद्याने बीडीएनएफ जरा वाढलेलं असतं, तेवढ्या धाग्यावर सगळी गोधडी शिवलेली. हळद तुमच्या फोडणीत आहेच. काही डब्यांत न लिहिलेली झोपेची औषधंही मिसळलेली सापडतात, आणि ती जिभेखालच्या गोळीबरोबर पोटात गेली तर श्वास मंदावतो. मला डब्याची भीती आहे ती या कारणाने.

रक्ततपासणीबद्दल दोनच वाक्यं. रक्तातलं बीडीएनएफ मुख्यतः प्लेटलेट्समध्ये साठवलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं, त्यामुळे नमुना कसा घेतला, किती वेळ ठेवला यावर आकडा हलतो. हेरॉइन घेणाऱ्या लोकांच्या रक्तात ते काही अभ्यासांत कमी निघालं, काहींत जास्त, आणि व्हीटीएच्या त्या चिमूटभर जागेत काय चाललंय ते दंडातल्या शिरेतून दिसत नाही. उद्या तो जनुकाची तपासणीही सुचवेल, बीडीएनएफच्या जनुकात ६६ क्रमांकाच्या जागी एक सर्रास आढळणारा फरक असतो म्हणून. तीही नको. त्या फरकावरून कोण व्यसनी होणार हे कुणी सांगू शकलेलं नाही.

आता दाजी. दाजींना उत्तर देणं अवघड असतं हे मला माहीत आहे, जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर बोलणारी माणसं असतात. पण त्यांचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. ब्युप्रेनॉर्फिनसुद्धा त्याच घराण्यातलं औषध, हे खरं आहे. फरक असा की पेशीवरच्या ज्या कुलपात मॉर्फिन बसतं त्यातच ते बसतं, पण किल्ली अर्धीच फिरवतं. टर्की थांबवायला तेवढं पुरतं. हवेत तरंगायला पुरत नाही. डोस वाढवत नेला तरी एका पातळीनंतर परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका मॉर्फिन-हेरॉइनपेक्षा कितीतरी कमी. आणि ते कुलपाला इतकं घट्ट धरून बसतं की वरून ट्रॅमाडॉल घेतलं तरी त्याला शिरायला जागा मिळत नाही. बरोबरचं नॅलोक्सोन जिभेखालून फारसं शोषलंच जात नाही. कुणी गोळी विरघळवून सुईने टोचली तरच ते जागं होतं आणि टर्की आणतं. तो पहारेकरी आहे.

सकाळी उठून दहा गोळ्या कुठून आणायच्या याच्यामागे दिवस घालवणं, फीट येऊन वाफ्यात पडणं, याला व्यसन म्हणतात. रोज एक गोळी जिभेखाली ठेवून छाटणीला जाणं याला मी औषध म्हणते. दाजींना बीपीची गोळी असेल तर (आमच्या पिढीत कुणाला नसते?) त्यांना हळूच विचारा, ती किती वर्षं चालू आहे.

आकडे हवे असतील तर स्वीडनमधला २००३ चा अभ्यास सांगा. हेरॉइनच्या आहारी गेलेले ४० जण. २० जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन. उरलेल्या २० जणांना सहा दिवसांत ते उतरवत आणून मग दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. समुपदेशन दोन्हीकडे सारखंच. वर्षाअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नाही, आणि त्यांच्यातले चौघे मरण पावले होते. छोटा अभ्यास आहे, पण मी विद्यार्थ्यांना तो सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हाही हेच दिसलं. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला ४.३ मृत्यू, उपचार सुटल्यावर ९.५.

मृत्यू का होतात, तर सराव मोडतो म्हणून. दहा गोळ्या पचवणारं शरीर महिनाभर औषध-नशा काही न घेता राहिलं की त्याची सहनशक्ती उतरते. मग एखाद्या वाईट दिवशी माणूस जुन्याच हिशोबाने घेतो, आणि झोपेतच श्वास थांबतो. ‘कोर्स घ्या आणि दवाखान्याची गोळी सोडा’ हा सल्ला म्हणूनच मला फसवणुकीपेक्षा वाईट वाटतो. घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या : हाक मारून उठत नाही, श्वास संथ किंवा घोरल्यासारखा, ओठ-नखं निळसर, तर लिंबू-सरबत नको, थोबाडीत मारणं नको, १०८ ला फोन. त्याला कुशीवर वळवा, आणि काय घेतलं असेल ते डॉक्टरांना लपवू नका.

गोळीबद्दल काही बारीक गोष्टी, ज्या दवाखान्यातल्या गर्दीत सांगायच्या राहतात. ती गिळायची नाही, पूर्ण विरघळेपर्यंत जिभेखालीच. विरघळल्यावर पाण्याची गुळणी करून ते पाणी गिळावं आणि ब्रश तासाभराने करावा, दातांना त्रास होऊ शकतो म्हणून. बद्धकोष्ठता होईल, तिला घाबरू नये. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. फीट आली होती हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं आहे ना, ते तपासा. मांडी पुन्हा दुखली किंवा रॉड काढायची वेळ आली तर हाडाच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आधी सांगायचं, म्हणजे ते दुखण्याची सोय विचारपूर्वक करतील. ‘किती दिवस?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल. महिने तर नक्कीच, कदाचित वर्षं. कमी करायची ती डॉक्टरांबरोबर बसून, हळूहळू, आणि हंगामाच्या धावपळीत नाही.

ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे. तरी तुमच्या भावाला दिवसाला दहा मिळत होत्या, यावर मी काही बोलत नाही. ज्या मेडिकलमधून मिळत होत्या त्या रस्त्याने त्याने जाऊ नये इतकंच.

आता बाग. उंदरांना मॉर्फिनची गोडी लागली हे शास्त्रज्ञ ओळखतात कसं, माहीत आहे? दोन खोल्यांची पेटी असते. एकीच्या भिंती पट्ट्यांच्या, दुसरीच्या साध्या. एका खोलीत मॉर्फिन देतात, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. काही दिवसांनी औषध न देता दरवाजा उघडा ठेवतात. उंदीर मॉर्फिनच्या खोलीत जाऊन बसतो. वर सांगितलेल्या २०१२ च्या प्रयोगात गोडी मोजली ती अशीच. मेंदू औषधाची गाठ जागेशी बांधतो. माणसांचंही वेगळं नाही. व्हिएतनामच्या युद्धात हजारो अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतल्यावर त्यांचा माग घेतला, तर तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनी झाले. घरी आल्यावर ती खोलीच राहिली नव्हती.

तुमचा भाऊ मात्र ज्या बागेत गोळ्या घेत होता त्याच बागेत परत जाणार आहे. म्हणून आईची भीती मला समजते. तरी मी पाठवा म्हणेन. घरी कोंडून बसवलेला माणूस दिवसभर एकाच गोष्टीचा विचार करतो. हाताला कात्री, चार माणसांची संगत, अंगमेहनत, संध्याकाळी खरी भूक, याने झोप आणि मन सुधारतं. (व्यायामाने उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ वाढतं, हेही खरं आहे. ते व्यसन सोडवतं असं म्हणायला मी धजणार नाही, पण फुकट आहे आणि पोटात काही जात नाही.) फक्त सुरुवातीचे पंधरा दिवस एकट्याने पाठवू नका, आणि मजुरीचे रोख पैसे वाटायचं काम त्याच्याकडे देऊ नका. त्याला शांतपणे विचारा, गोळ्या कुठे बसून घ्यायचास? आरोप म्हणून नाही, छाटणीचं नियोजन करताना विचारतो तसं. बागेत अशी एक जागा असतेच, बहुतेकदा मोटारीची खोली किंवा औषधं ठेवायची शेड. तिथे त्याने लपवलेली पाकिटं अजून असतील तर ती त्याच्याबरोबर जाऊन काढा. मग खोलीला कुलूप लावा, मोटार चालू-बंद करायला दुसरं कुणी जाईल.

तलफ आली तर ती साधारण अर्ध्या तासात ओसरते, त्या अर्ध्या तासात त्याला फोन करायला एक माणूस ठरवून ठेवा. तो माणूस तुम्ही असाल असं पत्रावरून वाटतं. तुम्हाला बोलायला कुणी लागलं तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ वर आहे, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ वर, दोन्ही विनाशुल्क. दवाखान्याची पुढची तारीख छाटणीच्या दिवसांत येत असेल तर गोळ्या संपायच्या दोन दिवस आधीच जाऊन या. मजूर ठरले, गाडी नाही, पाऊस आला, अशा कारणांनी तारीख चुकते आणि गोळी तुटते. हे हंगामात फार होतं.